कमी तिखट, तिसरा मजला

"ठेवून जा मावशी, संध्याकाळी या."
"नाही, बसते मी इथंच," म्हणाल्या गुंडबाई,
आणि तपकीर गल्लीतल्या माझ्या साडेचार फुटी दुकानात
एकुलत्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

फोनवर कंपनीचं नाव येत होतं, जात होतं,
पुन्हा येत होतं,
उंबऱ्यापर्यंत येऊन चप्पल न काढताच
परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं.
"परवापासून असंच. भाच्यानं काहीतरी टाकलंय आत.
म्हणाला, मावशी, फोन पळायला लागेल.
पळालाच की."

भाच्याला काय बोलणार. कॉलेजात असताना मीही
तीन फोन असेच मारलेत.
कुणा अनोळख्यानं रात्री जागून बनवलेली सिस्टीम
फुकट उतरवून घ्यायची आणि मिरवायचं,
माझा फोन कंपनीचा गुलाम नाही म्हणून.
मग एका सकाळी कॅमेरा उघडत नाही.
दुसऱ्या सकाळी काहीच नाही.
आता मी लोकांना कंपनीच्या दारात परत नेऊन सोडतो.
साडेतीनशे रुपये.

पाठीवरचा मॉडेल नंबर पुसट झालेला,
सिमच्या खाचेपाशी भिंग धरून वाचला.
शेवटचं अक्षर बी आहे की आठ, तिथंच सगळं असतं.
चुकीची फाईल गेली तर फोन उरत नाही,
वीट उरते.
बरोबरची उतरायला पाऊण तास.

"बॅकअप घेतलाय का, मावशी?"
"म्हणजे?"
"म्हणजे आतलं सगळं जाणार. फोटो, नंबर, सगळं."
हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो.
लोक गप्प होतात. एक जण रडला होता.
एक जण सुटल्यासारखा हसला, तो अजून आठवतो.
गुंडबाई म्हणाल्या, "फोटो जाऊ देत. गिऱ्हाइकं?"
"तीही."
त्यांनी पदरानं कपाळ टिपलं.
"घ्या मग लिहून."

बिलबुकाच्या पाठीवर लिहीत गेलो.
अठ्ठ्याण्णव बावीस, आणि पुढचे सहा, न अडखळता.
"नाव?"
"नाव कशाला? लिहा, कमी तिखट, तिसरा मजला."
मग, दोन पोळ्या, भात नको, धनकवडी.
मग, पैसे महिन्याच्या सातला.
मग, बायको माहेरी असली तरच.
मग, शुगर आहे, बटाटा मागितला तरी द्यायचा नाही.

फाईल आली. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर,
दोन्ही दाबून धरली.
केबल जोडली, ती जरा डावीकडे वाकवली तरच चालते.
निळी पट्टी सरकू लागली
आणि सदतीस टक्क्यांवर थांबली.
अशा वेळी हात लावायचा नसतो.
मी उगाच मनात आईचा नंबर म्हणून पाहिला.
चौऱ्याण्णव, वीस... की एकवीस?
पुढं काही येईना.
आणि गुंडबाई विचारत होत्या,
"बत्तीस झाले ना? अजून नऊ आहेत."

पट्टी हलली. हिरव्या अक्षरांत पास.
फोन एकदा थरथरला, नाव आलं,
या वेळी आत येऊन बसलं.
मग त्यानं विचारलं, भाषा कोणती?
मराठी खाली होती, बरीच खाली.
तारीख मात्र त्याच्या लेखी
एक जानेवारी दोन हजार एकोणीस.

"डबे सुरू व्हायच्या आधीची," गुंडबाई म्हणाल्या.
"तेव्हा हे होते."
"पुढं घेऊ तारीख?"
"थांबा जरा."
मी थांबलो. गल्लीत कुणीतरी
स्पीकर तपासत होतं, हॅलो, हॅलो, हॅलो.
"हं. घ्या."

साडेतीनशेचे तीनशेच दिले,
आणि तेही मोजून परत मोजले.
नव्या कोऱ्या फोनमध्ये पहिला नंबर
त्यांनी माझा घातला.
नावाच्या जागी एका बोटानं,
काना शोधत, वेलांटी शोधत, बराच वेळ लिहिलं:
दुकानवाला. दुपारी जेवत नाही.